‘एक पुस्तक’ म्हणजे नेमके काय? डेटाबेसच्या संकल्पनात्मक आराखड्याविषयी

ग्रंथालयात किती पुस्तके आहेत, असे ग्रंथपालांना विचारले तर ते बहुधा उलट प्रश्न करतील, की शीर्षके मोजायची आहेत की प्रती? एकाच कादंबरीच्या चार प्रती कपाटात असतील, तर हिशेब तपासणाऱ्यासाठी ती चार पुस्तके असतात, कारण चारही विकत घेतलेली असतात आणि त्यांतली कोणतीही हरवू शकते. ती कादंबरी शोधत आलेल्या वाचकासाठी मात्र ते एकच पुस्तक असते. चारपैकी कोणती प्रत हाती पडते, याचे त्याला सोयरसुतक नसते. बोलताना ही संदिग्धता खपून जाते, कारण संदर्भ मदतीला असतो. डेटाबेसमध्ये ती खपत नाही. टेबलमधली एक ओळ म्हणजे जगातली कोणती एक गोष्ट, हे कोणीतरी आधी बसून ठरवावे लागते, आणि ते चुकले तर पुढे कितीही कुशल प्रोग्रामर नेमला तरी उत्तरे चुकीचीच येत राहतात.

हे ठरवण्याच्या कामाला संकल्पनात्मक आराखडा म्हणतात. डेटाबेसची रचना साधारणपणे तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात आपल्याला कशाकशाची नोंद ठेवायची आहे आणि त्या गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, एवढाच विचार असतो; त्यात टेबल नसते, रकाने नसतात आणि कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे हा प्रश्नही नसतो. दुसऱ्या, तार्किक टप्प्यात त्या विचाराला टेबले आणि ‘की’ (key, म्हणजे ओळ ओळखण्याची खूण) यांचे रूप मिळते. तिसऱ्या, भौतिक टप्प्यात साठवणूक, इंडेक्स (म्हणजे ओळी चटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची), वेग यांची काळजी घेतली जाते. घाईत असलेली माणसे थेट दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतात, आणि मग ‘पुस्तके’ नावाच्या टेबलमध्ये एकाच कादंबरीचे नाव चार ओळींत चार प्रकारच्या शुद्धलेखनाने लिहिलेले सापडते.

या पहिल्या टप्प्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातली नाती यांचे चित्र. पीटर चेन यांनी ते मार्च 1976 मध्ये एका शोधनिबंधात मांडले. त्या वेळी ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकवत होते. तेव्हाची पार्श्वभूमी समजून घेण्यासारखी आहे. 1960 च्या दशकात चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत घडवलेल्या प्रणालीत नोंदी एकमेकींना साखळ्यांनी जोडलेल्या असत, आणि हव्या त्या माहितीपर्यंत कोणत्या साखळीने पोहोचायचे हे प्रोग्रामरला ठाऊक असावे लागे. 1970 साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले आणि सगळी माहिती टेबलांत ठेवण्याचा मार्ग खुला केला. गणिती दृष्टीने तो अतिशय स्वच्छ होता. पण टेबलच्या एका ओळीकडे नुसते पाहून ती ओळ एखाद्या माणसाविषयी बोलते आहे की दोन गोष्टींमधल्या नात्याविषयी, हे कळत नाही. चेन यांचे म्हणणे असे, की माणूस जगाकडे वस्तू आणि नाती याच रूपात पाहतो. तेव्हा आधी तसे चित्र काढावे आणि मग त्यातून साखळ्या किंवा टेबले, जे हवे ते बनवावे.

चित्रात मोजकीच चिन्हे असतात. एंटिटी, म्हणजे जिच्याविषयी नोंद ठेवायची ती वेगळी ओळखता येणारी गोष्ट, आयतात लिहितात. नाते समभुज चौकोनात येते. गुणधर्म लंबवर्तुळात लिहितात, आणि जो गुणधर्म ओळख पटवतो त्याच्याखाली रेघ ओढतात. चिन्हे पाठ व्हायला अर्धा तास पुरतो. वेळ लागतो तो आयतात काय लिहायचे हे ठरवायला.

पुस्तकाकडेच परत येऊ. आयतात ‘पुस्तक’ लिहिले आणि त्याला शीर्षक, लेखक, दाखल क्रमांक, किंमत, पाने फाटली आहेत का, असे गुणधर्म जोडले, की थोड्याच वेळात लक्षात येते की यातले काही गुणधर्म सगळ्या प्रतींना समान आहेत आणि काही प्रत्येक प्रतीचे स्वतंत्र आहेत. शीर्षक बदलायचे झाले तर सर्व प्रतींसाठी एकदम बदलते. पान मात्र एकाच प्रतीचे फाटते. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: एकाच आयतातले गुणधर्म वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कारणांनी बदलत असतील, तर त्या आयतात बहुधा दोन एंटिटी कोंबलेल्या असतात. म्हणून ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ वेगळे होतात. नातीही मग आपापल्या जागी जातात. वाचक घरी नेतो ती प्रत. पण सगळ्या प्रती बाहेर असताना तो नाव नोंदवून ठेवतो ते पुस्तकासाठी, अमुक एका प्रतीसाठी नव्हे.

आणि हे दोन तरी पुरे आहेत का? तीच कादंबरी दुसऱ्या आवृत्तीत आली, तिचा अनुवाद झाला, ध्वनिमुद्रित वाचन निघाले, तर यांतल्या कशाकशाला ‘तेच पुस्तक’ म्हणायचे? ग्रंथालयशास्त्राने या प्रश्नाला 1998 साली दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, ग्रंथनोंदींचा एक आराखडा प्रकाशित केला, आणि तो नेमका एंटिटी-रिलेशनशिप पद्धतीनेच तयार केलेला होता. त्यात चार पातळ्या आहेत: लेखकाच्या मनातली कृती, त्या कृतीला मिळालेले विशिष्ट भाषेतले वा माध्यमातले रूप, त्या रूपाचे एखाद्या प्रकाशकाने केलेले प्रकाशन, आणि शेवटी कपाटातली प्रत. मोठ्या संशोधन ग्रंथालयाला या चारही पातळ्या लागतात. एका खोलीत मावणाऱ्या वाचनालयाला त्या लादल्या तर नोंदी करणारा माणूस पहिल्याच आठवड्यात कंटाळेल. ‘बरोबर’ आराखडा हा जगाचा नसतो, एका विशिष्ट कामाचा असतो. त्यामुळे किती बारकावे घ्यायचे हे ठरवण्याआधी त्या डेटाबेसला कोणते प्रश्न विचारले जाणार आहेत त्यांची यादी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

गुणधर्मांबाबत थोडक्यात सांगता येते. पत्त्यासारखा गुणधर्म अनेक भागांचा बनलेला असतो. दूरध्वनी क्रमांक एकाहून अधिक असू शकतात, आणि अशा बहुमूल्य गुणधर्मासाठी दुहेरी लंबवर्तुळ काढतात. वय जन्मतारखेवरून काढता येते. ते साठवले तर दुसऱ्याच दिवशी चुकीचे ठरू शकते, म्हणून अशा गुणधर्माचे लंबवर्तुळ तुटक रेघेने दाखवतात. खरा पेच पडतो तो गुणधर्म कोणता आणि एंटिटी कोणती हे ठरवताना. प्रकाशकाचे नाव हा पुस्तकाचा गुणधर्म मानता येतो. पण प्रकाशकाचा पत्ता, त्याच्याशी झालेला व्यवहार अशा गोष्टी ठेवायच्या म्हटल्या, की त्या प्रकाशकाविषयीच्या असल्याने पुस्तकाच्या आयतात बसत नाहीत आणि प्रकाशक स्वतःच्या आयताची मागणी करू लागतो.

ओळख पटवणाऱ्या गुणधर्माला की म्हणतात, आणि ती निवडताना बाहेरच्या जगावर किती विसंबायचे याचा विचार करावा लागतो. पुस्तकांसाठी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांक, ही तयार की दिसते. पण हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक झाला 1970 साली; त्याआधीच्या पुस्तकांवर तो नसतो. तो प्रकाशनाच्या विशिष्ट रूपाला दिला जातो, त्यामुळे एकाच मजकुराच्या कापडी आणि कागदी बांधणीचे क्रमांक वेगळे असतात. शिवाय 1 जानेवारी 2007 पासून तो 10 अंकांऐवजी 13 अंकांचा झाला, म्हणजे जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी जशाच्या तशा जुळत नाहीत. की म्हणून एखादा क्रमांक घेण्याआधी तो प्रत्येकाकडे आहे का, दोघांचा सारखा असू शकतो का आणि कधी बदलतो का, हे तिन्ही तपासावे. आयएसबीएन पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीवर अडखळतो. तो गुणधर्म म्हणून अवश्य ठेवावा, पण ओळखीसाठी आपला स्वतःचा क्रमांक बरा.

प्रतीच्या ओळखीचे प्रकरण थोडे वेगळे आहे. प्रतींना नुसते 1, 2, 3 असे क्रमांक दिले असतील, तर ‘प्रत 2’ एवढ्याने काहीच कळत नाही. कोणत्या पुस्तकाची प्रत 2 हे सांगावे लागते. जिची ओळख अशी दुसऱ्या एंटिटीवर अवलंबून असते तिला दुबळी एंटिटी म्हणतात आणि ती दुहेरी आयतात काढतात. पण ग्रंथालयात प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक देण्याची पद्धत असेल, तर तीच प्रत स्वतःच्या बळावर ओळखता येते आणि दुबळी राहत नाही. प्रत तीच असूनही चित्र बदलते, कारण नोंद ठेवण्याची रीत बदललेली असते.

आता नाती. नाते काढल्यावर दोन्ही टोकांशी दोन प्रश्न विचारायचे असतात: जास्तीत जास्त किती, आणि कमीत कमी किती. पहिल्याच्या उत्तराला कार्डिनॅलिटी म्हणतात. त्यावरून नाते एकास एक, एकास अनेक किंवा अनेकांस अनेक ठरते. दुसऱ्याच्या उत्तराला सहभाग म्हणतात. कमीत कमी शून्य असेल तर सहभाग ऐच्छिक, एक असेल तर सक्तीचा. प्रत्येक प्रत कोणत्या तरी एकाच पुस्तकाची असते, हा सक्तीचा सहभाग झाला. एका पुस्तकाच्या अनेक प्रती असू शकतात. पण एकही प्रत नसलेल्या पुस्तकाची नोंद असू शकते का? खरेदीच्या यादीत असलेले पण अजून न आलेले पुस्तक नोंदवायचे असेल तर उत्तर ‘हो’ येते. असे प्रश्न विचारले की कार्यालयातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात, कारण त्यांतल्या दोघांची उत्तरे वेगळी असतात आणि तोवर ते कोणाच्या लक्षात आलेले नसते. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

सभासद आणि प्रत यांच्यातले ‘नेतो’ हे नाते जवळून पाहू. एका क्षणी एक प्रत फार तर एका सभासदाकडे असते आणि एका सभासदाकडे अनेक प्रती असू शकतात. आत्ता कोणती प्रत कोणाकडे आहे, एवढेच जाणून घ्यायचे असेल तर हे एकास अनेक नाते पुरते. प्रत परत आली की नाते पुसायचे. पण काही महिन्यांनी प्रतीची पाने फाडलेली दिसली आणि ती याआधी कोणाकोणाकडे होती असे कोणी विचारले, तर पुसलेल्या नात्याकडे उत्तर नसते. इतिहास ठेवायचा म्हटला की एक प्रत काळाच्या ओघात अनेक सभासदांकडे जाते आणि नाते अनेकांस अनेक होते. पुष्कळ आराखडे इथे थांबतात, आणि फसतात. या मॉडेलमध्ये नाते म्हणजे जोड्यांचा संच असतो आणि संचात तीच जोडी दोनदा येत नाही. सभासद क्रमांक 12 याने दाखल क्रमांक 40 ची प्रत जानेवारीत नेली आणि जूनमध्ये पुन्हा नेली, तर 12 आणि 40 ही जोडी एकच राहते. त्या नात्याला ‘नेल्याची तारीख’ असा गुणधर्म जोडलेला असला तरी त्यात एकच तारीख मावते. जूनची लिहिली की जानेवारीची जाते.

यावरचा उपाय म्हणजे ‘नेतो’ या क्रियापदाचे ‘देवघेव’ हे नाम करणे. देवघेव ही स्वतंत्र एंटिटी होते, तिला स्वतःचा क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख असे गुणधर्म मिळतात, आणि प्रत्येक देवघेव एका सभासदाशी आणि एका प्रतीशी जोडली जाते. जानेवारीची देवघेव आणि जूनची देवघेव आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे एकदाच घडते किंवा एका वेळी एकच असते ते नाते म्हणून चालते. जे त्याच दोघांमध्ये पुन्हा पुन्हा घडते ते बहुधा एंटिटी असते. नामे म्हणजे एंटिटी आणि सकर्मक क्रियापदे म्हणजे नाती, असा ठोकताळा शिकवला जातो. 1983 साली चेन यांनी स्वतःच इंग्रजी वाक्यरचना आणि या आकृत्या यांची सांगड घालून दाखवली होती. पहिला कच्चा खर्डा करायला तो ठोकताळा चांगला आहे. पण वर पाहिले तसे, क्रियापदाचे नाम केव्हा करायचे हे व्याकरण सांगत नाही.

दोनाऐवजी तीन गोष्टी एकाच नात्यात गुंतलेल्या असतात तेव्हा आणखी सावध राहावे लागते. समजा व्यक्ती, पुस्तक आणि भूमिका यांची नोंद ठेवायची आहे. अ या व्यक्तीने पहिले पुस्तक लिहिले आणि दुसऱ्याची चित्रे काढली. ब ने दुसरे लिहिले आणि पहिल्याची चित्रे काढली. तीन पायांचे नाते नको म्हणून कोणी त्याची दोन-दोन टोकांची तीन नाती केली: कोणत्या व्यक्तीने कोणत्या पुस्तकावर काम केले, कोणत्या व्यक्तीने कोणत्या भूमिका केल्या, आणि कोणत्या पुस्तकात कोणत्या भूमिका होत्या. आता भरून पाहा. अ आणि ब दोघांनीही दोन्ही पुस्तकांवर काम केले आहे. दोघेही लेखक आहेत आणि दोघेही चित्रकार. दोन्ही पुस्तकांना लेखक आहे आणि चित्रकारही. एकही नोंद खोटी नाही, पण पहिले पुस्तक कोणी लिहिले हे आता सांगता येत नाही. तीन गोष्टी मिळून जे एक विधान होते, त्याचे तुकडे केल्यावर ते पुन्हा जुळवता येत नाही.

अशीच फसगत नात्यांच्या जागा चुकल्याने होते. ग्रंथालयाला अनेक विभाग आहेत आणि ग्रंथालयात अनेक कर्मचारी आहेत, अशी दोन नाती ग्रंथालयाच्या आयतातून दोन्हीकडे पंख्यासारखी काढली, तर अमुक कर्मचारी कोणत्या विभागात आहे हे चित्रातून निघत नाही. याला पंख्याचा सापळा म्हणता येईल. मग ग्रंथालयाला विभाग आणि विभागाला कर्मचारी अशी एका ओळीत मांडणी केली, तर तो प्रश्न सुटतो. पण ज्याला कोणताच विभाग दिलेला नाही असा पहारेकरी ग्रंथालयापासून तुटतो. हा दरीचा सापळा. दोन्ही टाळायचे तर रेघा ओढून झाल्यावर खरोखरीचे दोन-चार प्रश्न घेऊन बोटाने चित्रावरून वाट काढून पाहावी.

चित्र काढण्याच्या रीती अनेक आहेत. चेन यांचे समभुज चौकोन शिकायला उत्तम, पण वीसेक एंटिटी झाल्या की कागद गजबजतो. प्रत्यक्ष कामात कावळ्याच्या पायाची पद्धत जास्त दिसते: नाते म्हणजे नुसती रेघ, तिच्या ‘अनेक’ टोकाला तीन बोटे, शून्यासाठी गोल आणि एकसाठी आडवी काटणारी छोटी रेघ. जी कोणती निवडाल ती एका आराखड्यात शेवटपर्यंत ठेवावी, कारण एकच अंक निरनिराळ्या पद्धतींत रेघेच्या विरुद्ध टोकांना लिहिला जातो आणि पद्धती मिसळल्या तर अर्थ नेमका उलटा होतो. चित्र झाले की प्रत्येक रेघ दोन्ही दिशांनी पूर्ण वाक्यात वाचून ग्रंथपालांना ऐकवावी. डेटाबेस न येणारा माणूस चित्राला मान डोलावतो, पण चुकीच्या वाक्याला लगेच अडवतो.

चित्रातून टेबले काढणे हे त्यानंतर बरेचसे यांत्रिक काम आहे. प्रत्येक एंटिटीचे एक टेबल होते. एकास अनेक नात्यात ‘एक’ बाजूची की ‘अनेक’ बाजूच्या टेबलमध्ये फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलमधल्या ओळीकडे बोट दाखवणारा रकाना, म्हणून जाते. अनेकांस अनेक नात्यासाठी आणि बहुमूल्य गुणधर्मासाठी वेगळे टेबल लागते. दुबळ्या एंटिटीच्या टेबलमध्ये मालक एंटिटीची की स्वतःच्या क्रमांकाबरोबर मिळून ओळख बनते. आराखडा नीट विचार करून केला असेल तर नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा साठू नये म्हणून टेबले विभागण्याच्या, नियमांना त्यात फारसे काही दुरुस्त करायला उरत नाही.

उरते ते चित्रात न मावणारे. एका सभासदाने एका वेळी पाचपेक्षा जास्त प्रती नेऊ नयेत, परतीची तारीख नेल्याच्या तारखेच्या आधीची नसावी, हे नियम आकृतीच्या शेजारी वाक्यांत लिहून ठेवावे लागतात. आणि देवघेवीची एंटिटी केल्याने आपण एक नियम स्वतःच गमावला आहे, हे सहज लक्षात येत नाही. ‘एका वेळी एक प्रत एकाच सभासदाकडे’ ही गोष्ट जुन्या नात्याच्या कार्डिनॅलिटीत आपोआप दिसत होती. नव्या चित्रात एका प्रतीच्या अनेक देवघेवी आहेत, आणि त्यांतल्या दोन एकाच वेळी चालू असायला चित्राची काहीच हरकत नाही. म्हणून तो नियम शब्दांत लिहायचा आणि तार्किक टप्प्यात पुन्हा बसवायचा: ज्या देवघेवीत परतीची तारीख अजून रिकामी आहे, अशा ओळींमध्ये एक दाखल क्रमांक एकदाच यावा. पोस्टग्रेस्क्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये ही अट काही ओळींपुरत्या युनिक इंडेक्सने, म्हणजे त्या ओळींत तेच मूल्य दोनदा येऊ न देणाऱ्या सूचीने, घालता येते. जिथे तशी सोय नाही, तिथे प्रत देताना आधीची देवघेव बंद झाली आहे का हे प्रोग्रामलाच प्रत्येक वेळी तपासावे लागते.